नर्मदा बंगालच्या उपसागराला कशी मिळते?

नमस्कार, बालमित्रांनो. सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न विचारते. नर्मदा कुठल्या समुद्राला मिळते?

अरबी समुद्राला, असं तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी रेडिओसमोर बसून म्हटलं असेल. बरोबर आहे. अमरकंटकला उगम पावून, १३०० किलोमीटरहून जास्त वाट चालून ती भडोचजवळ खंभातच्या आखाताला मिळते. पण तिचं थोडं पाणी रोज सकाळी अगदी उलट दिशेला, बंगालच्या उपसागराकडे निघतं. ते पाठवतो आपण, इंदूरची माणसं. कसं, ते सांगतेच. त्याआधी पाणी मुळात फिरतं कसं हे बघू या, आणि त्यासाठी आधी आमच्या स्वयंपाकघरात चला.

गेल्या आठवड्यात माझी नात सुट्टीला आली होती. दुपारी तिला वाळ्याचं सरबत दिलं, स्टीलच्या पेल्यात, वर बर्फाचे तीन-चार खडे. पाच मिनिटांत पेल्याखाली ओट्यावर पाण्याचं गोल वळं उमटलं. ती म्हणाली, "आजी, पेला गळतोय."

मी म्हटलं, "गळतोय ना? मग बाहेरचा थेंब चाखून बघ."

तिने बोटावर थेंब घेतला, जिभेला लावला. गोड नव्हता. मग तिच्याच लक्षात आलं, सरबत हिरवंगार आणि बाहेरचे थेंब मात्र अगदी स्वच्छ. म्हणजे ते आतून आलेले नव्हते. ते आले होते हवेतून. तुम्ही आत्ता ज्या खोलीत बसला आहात ना, तिच्या हवेत पाणी आहे. जूनच्या दमट दिवशी एका मोठ्या खोलीच्या हवेत अर्ध्या लिटरहून जास्त पाणी असतं, पण ते वाफेच्या रूपात असल्यामुळे दिसत नाही. थंडगार पेल्याला टेकल्यावर हवा थंड झाली, तिला ती सगळी वाफ सांभाळता येईना, आणि वाफेचे थेंब झाले.

हेच तुम्ही रोज सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर बघता. आपल्या इंदुरी पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेली असते, म्हणून पोहे दुपारपर्यंत मऊ राहतात. दादाने झाकण उचललं की वर पांढरा लोट उठतो. आपण त्याला वाफ म्हणतो, पण खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. दिसतात ते वाफेचे थंड होऊन झालेले बारीक थेंब. म्हणजे पोह्यांवर उठतो तो चिमुकला ढगच. आणि झाकण उलटं करून धरलं की त्यावरून टपटप ओघळतो तो पाऊस.

आता पाणी वर जातं कसं? त्यासाठी माठाकडे या.

मे महिन्यात माठातलं पाणी गार लागतं. माठाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी पाझरून बाहेरच्या अंगाला येतं आणि उडून जातं. पाण्याची वाफ व्हायची तर उष्णता लागते. थोडीथोडकी नाही. पेलाभर गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळजवळ सातपट उष्णता ते उकळलेलं पाणी पूर्ण आटवायला लागते. आईने चहाचं आधण विसरून ठेवलं तरी ते पटकन आटत नाही, त्याचं कारण हेच. माठावरचं पाणी उडताना ही उष्णता माठाकडून आणि आतल्या पाण्याकडून घेतं, म्हणून आत राहिलेलं पाणी गार होतं.

पण जुलैत तोच माठ नीट गार करत नाही. माठ बिघडला का? नाही. तेव्हा हवा आधीच वाफेने भरलेली असते, तिच्यात आणखी पाणी शिरायला जागा थोडी. त्याच कारणाने पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस दमट राहतात. माझ्या मते पाण्याच्या चक्राबद्दल एवढं चांगलं कुठलंही चित्र सांगू शकत नाही, जेवढं एक माठ सांगतो.

माठावर जे होतं, तेच समुद्रावर होतं, फक्त अफाट प्रमाणात. पृथ्वीवरचं ९७ टक्के पाणी समुद्रात आहे. सूर्य ते तापवतो, पाणी वाफ होऊन उठतं आणि मीठ खाली राहतं. म्हणून समुद्र खारट आणि पाऊस गोडा. नद्या-तलावांमधून पाणी उठतं, ओल्या शेतातून उठतं, झाडांतूनही उठतं. मोठं झाड एका दिवसात मुळांनी शंभर लिटर आणि त्याहूनही जास्त पाणी ओढून पानांतून हवेत सोडू शकतं. खोटं वाटत असेल तर कडुनिंबाच्या एका फांदीला पारदर्शक पिशवी बांधा आणि दुपारी बघा, आतून थेंबांनी भरलेली असेल. पिशवी काढायला मात्र विसरू नका.

वर गेलेल्या वाफेला थेंब व्हायला काहीतरी आधार लागतो. आमच्या पेल्याचा तिला आधार मिळाला होता. आकाशात पेला कुठून आणायचा? तिथे धुळीचे, धुराचे आणि मिठाचे अगदी सूक्ष्म कण तरंगत असतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना? मीठ हवेतली वाफ ओढून घेतं. लाटा फुटल्या की त्यांच्या तुषारांतून मिठाचे कण हवेत जातात, आणि ते वर जाऊन हेच काम करतात. एकेका कणाभोवती पाणी जमतं आणि ढगाचा थेंब तयार होतो. तो केसाच्या जाडीहूनही बारीक असतो. असे सुमारे दहा लाख थेंब एकत्र आले की पावसाचा एक थेंब होतो. दहा लाख! तुमच्या नाकावर पडतो त्या एका थेंबात.

मग एवढा ढग वर टिकतो कसा, असं एका मुलाने मला एकदा वर्गात विचारलं होतं. फार चांगला प्रश्न. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच असा साधा कापसासारखा ढग घेतला, तर त्यातलं पाणी पाच लाख किलोच्या आसपास भरतं. पण ते एकगठ्ठा नसतं. थेंब इतके बारीक असतात की ते सेकंदाला जेमतेम एखादा सेंटिमीटर खाली येतात, आणि खालून वर चढणारी गरम हवा त्यांना पुन्हा उचलते. शिवाय माठाची गोष्ट आठवा. पाण्याने वाफ होताना जी उष्णता घेतली होती, ती वाफेचं पाणी होताना परत बाहेर पडते. त्या उष्णतेने ढगाच्या आतली हवा आणखी तापते, आणखी वर चढते. आषाढात दुपारी बघता बघता ढग पर्वताएवढा उभा राहतो, तो याच जोरावर. समुद्रावर पडलेलं ऊन वाफेबरोबर प्रवास करत आपल्या डोक्यावर येऊन पोहोचलेलं असतं.

आणि मग पाऊस पडतो. इथून पुढची गोष्ट माझी सगळ्यात आवडती, कारण ती आपल्या गावाची आहे.

इंदूर माळव्याच्या पठारावर आहे आणि महूच्या पलीकडे विंध्याचा कडा आहे. तिथे कड्याच्या माथ्यावर शेजारी शेजारी दोन थेंब पडले असं समजा. एक दक्षिणेला ओघळला. तो चोरल नदीत गेला, पातालपाणीच्या धबधब्यावरून कोसळला, पुढे नर्मदेत आणि शेवटी अरबी समुद्रात पोहोचला. दुसरा उत्तरेला वळला. तो चंबळेत गेला, चंबळेतून यमुनेत, प्रयागला गंगेत आणि थेट बंगालच्या उपसागरात. पडले वीतभर अंतरावर, पोहोचले देशाच्या दोन टोकांना. आपलं इंदूर त्या दुसऱ्या थेंबाच्या बाजूला आहे, उत्तरेच्या उताराला.

सगळं पाणी लगेच पळत नाही. काही जमिनीत मुरतं. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिला पाऊस त्या भेगांतून गटागटा पिते. खाली काळा कातळ आहे, त्याच्या फटींतून पाणी हळूहळू सरकतं. आपल्या विहिरी, बावड्या आणि बोरिंग याच पाण्यावर. नर्मदेला तर हिमालयातल्या नद्यांसारखं बर्फाचं पाणी मिळत नाही, तरी ती मे महिन्यातही वाहते. कशी? धरणांनी अडवलेलं पाणी थोडं थोडं सोडतात हे खरं, पण धरणं नव्हती तेव्हाही ती उन्हाळ्यात वाहत होती. डोंगरांत आणि जंगलांत गेल्या पावसाळ्यात मुरलेलं पाणी महिनोन्‌महिने झिरपत तिला मिळतं. अहिल्याबाई होळकर महेश्वरच्या ज्या घाटावर उतरत, तिथे ऐन उन्हाळ्यात त्यांना दिसणारं पाणी बरंचसं आदल्या पावसाळ्याचं होतं.

आता आपल्या कोड्याकडे. घरात पाणी भरताना मोठी माणसं विचारतात ना, "हे बोरिंगचं की नर्मदेचं?" नर्मदा आपल्यापासून ७० किलोमीटर दूर आणि खूप खाली आहे. मंडलेश्वरजवळच्या जलूद गावाहून पंप तिचं पाणी विंध्याच्या कड्यावर चढवतात आणि ते इंदूरला येतं. १९७८ साली ते पहिल्यांदा आलं. त्याआधी नर्मदा इंदूरला आणावी म्हणून इथल्या लोकांनी आंदोलन केलं होतं, तुमच्या आजी-आजोबांना विचारा.

तुम्ही सकाळी त्या पाण्याने दात घासता, चूळ भरता. ते पाणी मोरीतून जातं आणि पुढे कान्ह नदीच्या वाटेला लागतं, जिला मोठी माणसं अजून खान नदी म्हणतात. कान्ह क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला. पुढची वाट तुम्हाला आता पाठ आहे. अरबी समुद्राला जाणारं पाणी माणसांनी उचललं, डोंगर ओलांडून आणलं आणि बंगालच्या उपसागराच्या रस्त्याला लावलं. पुस्तकातल्या चित्रात चार बाण असतात, ढग, पाऊस, नदी, समुद्र. त्यात नळाचा बाण नसतो. तो तुम्ही पेन्सिलने काढा. त्या पाण्याबरोबर आपला साबण आणि घाणही कान्हेत जाते. सूर्य पाणी उचलतो तेव्हा घाण खाली ठेवतो, आणि ती नदीतच राहते. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ उभी राहिले की मला त्या नदीचं फार वाईट वाटतं.

तुमची चूळ परत येईल का? येऊ शकेल. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालच्या उपसागरावर कमी दाबाचे पट्टे तयार होतात, ते पश्चिमेकडे सरकतात आणि माळव्याला, नर्मदेच्या खोऱ्याला भरपूर पाऊस देतात. कधी परत येईल, हे मात्र थेंबावर आहे. हवेत शिरलेलं पाणी साधारण आठ-दहा दिवसांत खाली येतं. समुद्राच्या खोल तळाशी गेलेलं शेकडो वर्षं वर येत नाही.

हे सगळं माणसाला कळलं कसं? खूप काळ मोठमोठ्या विद्वानांना वाटायचं की एवढ्याशा पावसाने एवढ्या मोठ्या नद्या भरणं शक्यच नाही. मग पिएर पेरो या फ्रेंच माणसाने पाऊस मोजला. सेन नदीच्या उगमाकडच्या प्रदेशात वर्षभरात किती पाऊस पडतो आणि नदीतून किती पाणी वाहतं, याचा हिशेब त्याने मांडला. पाऊस नदीच्या सहापट निघाला! हे त्याने प्रसिद्ध केलं १६७४ साली, म्हणजे रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला त्याच वर्षी.

असा हिशेब तुम्हालाही करता येतो. सरळ बाजूंचा एक स्टीलचा डबा घ्या, वर-खाली सारखाच रुंद. तो गच्चीवर उघड्यावर ठेवा, भिंतीपासून आणि झाडापासून लांब. पाऊस थांबला की पट्टी उभी धरून पाणी मोजा आणि वहीत तारीख घालून लिहा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक लिटर पाणी. इंदूरला वर्षाला साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो. तुमची गच्ची दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असेल, तर तिच्यावर वर्षात किती लिटर पाणी पडलं? मी गुणाकार करून ठेवलाय, ४७,५०० लिटर. तुमच्या गच्चीचा तुम्ही करा.

मृग लागलाय, ढग यायला लागलेत. डबा आज रात्रीच ठेवा आणि आत एक स्वच्छ दगड टाका, वाऱ्याने लवंडायला नको. मोजायच्या आधी तेवढा तो दगड बाहेर काढा.