प्रभात टॉकीज: जागा किब्यांची, नाव भाडेकरूचं

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात मंडईला गाडी घेऊन जाणाऱ्याला आर्यन वाहनतळ ठाऊक असतो. आर्यन हे एका थिएटरचं नाव होतं, हे मात्र आता सांगावं लागतं. गंगाधरपंत पाठकांनी १९१५ साली काढलेलं ते पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह. १९८३ मध्ये त्याचा पडदा पडला आणि जागा गाड्यांना गेली. बहुतेक जुन्या थिएटरांची गोष्ट इथंच संपते. अप्पा बळवंत चौकातल्या प्रभातचं तसं झालं नाही, म्हणून आज प्रभातविषयी बोलायचं ठरवलंय.

प्रभात फिल्म कंपनी निघाली कोल्हापुरात, १९२९ साली. १९३३ मध्ये तिनं बिऱ्हाड पुण्याला हलवलं. बोलपटाचा जमाना नुकता सुरू झाला होता, आणि चित्रपट काढणाऱ्याची खरी गोची असते ती तो लावायला जागा मिळवण्याची. थिएटर दुसऱ्याचं असलं की चांगला चाललेला खेळही कधी उतरवतील याचा नेम नसतो. इंदूरच्या सरदार किब्यांच्या मालकीचं हे थिएटर १९३४ मध्ये सुरू झालं, प्रभातनं ते चालवायला घेतलं आणि पुढं लोकांनी त्याला प्रभातच म्हटलं. जागा किब्यांची, नाव भाडेकरूचं! पुण्यात वाड्यांच्या बाबतीत असं कधी ऐकलंय?

गंमत पुढंच आहे. कंपनीचे एक संस्थापक आणि दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापू, १९४२ मध्ये कंपनी सोडून गेले. दुसरे संस्थापक विष्णुपंत दामले १९४५ मध्ये वारले. १९५३ मध्ये कंपनीच बंद पडली; तिच्या स्टुडिओच्या आवारात पुढं फिल्म इन्स्टिट्यूट आली. पण चौकातल्या पाटीवर प्रभात तसंच राहिलं, कारण थिएटर दामले कुटुंबाच्या हाती होतं. कंपनीच्या मागं तिचं नाव साठेक वर्षं चालवलं ते या इमारतीनं.

आणि तिथं प्राधान्य मराठी चित्रपटाला. हिंदीत गल्ला जास्त असताना मराठीला आठवड्यामागून आठवडे खेळ देणं हा धंद्याच्या हिशेबानं वेडेपणाच. पण १९९१ मध्ये 'माहेरची साडी' लागला तेव्हा हाच वेडेपणा फळाला आला. बायका घोळक्यानं यायच्या, तिकिटाच्या जाळीतून बांगड्यांचा हात आत जायचा, नोटा रुमालाच्या गाठीतून निघायच्या, आणि मध्यंतरात अर्धं थिएटर पदरानं डोळे पुसत चहाला उभं. समीक्षकांनी नाकं मुरडली. मला विचाराल तर चित्रपट मलाही फारसा रुचला नव्हता. पण त्या रांगेला नाक मुरडण्याचा अधिकार मी कुणालाच देणार नाही. गावाकडच्या बाईला एकटीदुकटीनं निर्धास्त जाता येईल अशा जागा शहरात होत्या तरी किती?

मग २०१४ उजाडलं. करार संपला आणि डिसेंबरात दामल्यांनी चाव्या मालकांकडं दिल्या. त्या दिवसांत वर्तमानपत्रं हळहळीनं भरली. हळहळणाऱ्यांपैकी शेवटचं तिकीट कधी काढलं होतं, असं मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. अप्पा बळवंत चौकातली जागा! मोबदल्याचा आकडा मनात धरून भल्याभल्यांनी तिथं व्यापारी संकुल उभं केलं असतं. किब्यांनी डागडुजी करून पुन्हा थिएटरच सुरू केलं आणि त्याला किबे लक्ष्मी थिएटर असं आपलं नाव दिलं.

त्यावर काहींनी कुरकुर केली, प्रभात हे नाव पुसलं म्हणून. मला ती रास्त वाटत नाही. ऐंशी वर्षं दुसऱ्याच्या नावानं ओळखली गेलेली स्वतःची वास्तू मालकानं न पाडता चालू ठेवली, तर पाटी त्याची असायला हरकत कसली? मंडईत थिएटरचं नाव उरलं, थिएटर नाही. इथं नाव बदललं, पण तिकीट अजून मिळतं. मी तिकिटाच्या बाजूचा.