पद्मिनीच्या दरवाज्यातलं पाणी

दरवाज्याच्या खालच्या कडेला रंगाचे चार फोड आले आहेत. स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं, तर ते पत्र्यातून आत गेलं. हा गंज आतून बाहेर आला आहे.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसी. गोव्याचा पाऊस आणि खारं वारं तिने बरीच वर्षं सोसलंय. पाणी जायला दरवाज्याच्या तळाशी भोकं असतात. तांबड्या मातीने ती बुजली, की काचेवरून उतरलेलं पाणी आतच साठतं.

जाम बोल्टवर ताकद चालत नाही. ब्रशने आटे साफ करून गंज सोडवणारं तेल सोडायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी आधी जरासा आवळायचा, मग सोडवायचा. रिंग पानाच घ्यावा, फिक्स पान्याने डोकं गोल होतं. गॅसने तापवायची वेळ आलीच, तर पेट्रोलची टाकी आधी उतरवायची.

खरी जोखीम दरवाज्याखालच्या पोकळ पट्टीत आहे. पद्मिनीला वेगळी चासी नाही, भार बॉडीच पेलते. सडलेली पट्टी तशीच कापली, तर बॉडी खाली बसते आणि नवी पट्टी जोडल्यावर दरवाजा लागत नाही. म्हणून आधी चौकटीत पाईप वेल्ड करून आधार देतात आणि एका वेळी एकच बाजू कापतात. कापायचं ते चकचकीत पत्रा लागेपर्यंत. इथे कंजूषी केली, तर वेल्डिंगला धरायला काही उरत नाही, भोकच वाढत जातं.

बिजागऱ्या, क्लॅम्प विजेने गंज उतरवायला टबात जातात: दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. निगेटिव्ह वायर सुट्या भागाला, पॉझिटिव्ह भंगारातल्या लोखंडी पट्टीला. तिथे स्टेनलेस स्टील लावलं, तर पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून टब उघड्यावर. ॲल्युमिनियमचे भाग यात घालायचे नाहीत, सोडा ते खातो. बारीक क्लिपांना माडाच्या सुरेचं (माडीचं) व्हिनेगरही चालतं, विंदालूला पुरून उरलं तर.

साफ झालेला पत्रा दमट हवेत बघता बघता तांबूस पडतो. त्यामुळे कोरडा करून लगेच इपॉक्सी प्रायमर, पुटी त्यानंतर. गंजावरच पुटी थापलेली गाडी शिमग्याला चमकते, चवथीपर्यंत फोड परत.

रंग वाळल्यावर, आत गंज रोखणारं मेण फवारण्याआधी, भोकांत तार फिरवतात आणि काचेवर मगभर पाणी ओततात. एका भोकातून थेंब येत नाही. तार पुन्हा आत जाते.