रोस्टरमध्ये न दिसणारे तास

नमस्कार मंडळी.

समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी डेक्कन क्वीनचा नाहीतर सिंहगडचा पास काढून मुंबईत नोकरी केली आहे, असं संयोजक मला सांगत होते. म्हणजे माझं अर्धं काम झालं. घर पुण्यात, नोकरी परगावी आणि मधला प्रवास कोणाच्याच हिशेबात नाही, हे तुम्हाला वेगळं समजावायला नको. मालवाहू विमानं चालवणाऱ्या आम्हा लोकांचं आयुष्य असंच असतं. फक्त तुमची गाडी सकाळची होती आणि आमचं काम गाव झोपल्यावर सुरू होतं.

आपल्या देशातली नागरी विमानसेवा सुरू झाली तीच मुळी मालापासून. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला छोटं विमान आणलं, त्यात टपालाच्या थैल्या होत्या. आणि रात्रीच्या मालवाहतुकीची जी पद्धत आज जगभर चालते, तिचा एक जुना नमुना आपल्या नागपूरचा आहे. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी चार डाकोटा विमानं संध्याकाळनंतर निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र यायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. आज टाकलेलं पत्र उद्या पोचायचं. दोन दशकांहून अधिक काळ हे चाललं.

अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस या कुरिअर कंपनीने हीच रचना 17 एप्रिल 1973 रोजी मेम्फिसहून सुरू केली. पहिल्या रात्री 14 छोटी जेट विमानं, 186 पार्सलं, 25 शहरं. आज मेम्फिसला आणि यूपीएस या दुसऱ्या कुरिअर कंपनीच्या लुईव्हिलला मध्यरात्री विमानांची रांग लागते. आपल्याकडे 1996 पासून ब्लू डार्टची स्वतःची विमानं रात्री चेन्नई, बंगळुरू, मुंबई, दिल्ली, कोलकाता अशी फिरतात. माल दिवसभर गोळा करायचा, रात्री हलवायचा आणि सकाळी दारात द्यायचा. ग्राहकाला सकाळी हवं असेल, तर कुणीतरी रात्रभर जागणारच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हे काम मी आवडीने करतो. पहाटे खाली अंधार असताना वर क्षितिज तांबडं होत जातं, ते बघायला मिळणं हे भाग्यच आहे. सलग ड्यूट्या झाल्या की सलग सुट्टी मिळते. मुलांच्या शाळेचं गॅदरिंग, आईची तपासणी, या गोष्टींना मी दुपारी घरी असतो. प्रवासी विमानांवरच्या माझ्या मित्रांना हे जमत नाही.

माझं म्हणणं एकाच गोष्टीबद्दल आहे. कागदावरची ड्यूटी आणि शरीराची ड्यूटी यांत जे अंतर पडतं ते कोणी मोजत नाही. मालवाहू पायलटाच्या बाबतीत तर ते मोजायचंच नाही असं काही ठिकाणी कायद्यानेच ठरवलेलं आहे. हे बदललं पाहिजे.

एक साधी रात्र घ्या. पायलट राहतो कोथरूडला, बेस, म्हणजे ड्यूटी जिथून सुरू होते ते गाव, बंगळुरू. रिपोर्टिंग रात्री सव्वादहाला. साडेअकराला उड्डाण, दिल्लीला दोन-सव्वादोनला उतरायचं. तिथे माल उतरतो, नवा चढतो, लोडमास्तर वजनाचा कागद आणून देतो, डिझेलच्या छोट्या ट्रॅक्टरने ओढलेल्या मालाच्या गाड्या मागेपुढे होत राहतात. पावणेचारला परत उड्डाण, सव्वासहाच्या सुमारास बंगळुरू. कागदपत्रं उरकून सात वाजता सुटका. रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूट्यांच्या वेळापत्रकात, ही ड्यूटी पावणेनऊ तासांची दिसते. कोणीही म्हणेल, ऑफिसपेक्षा काय जास्त आहे!

आता घराकडून मोजा. सकाळी सातला उठला. मुलांचे डबे, बँकेचं काम, जेवण. दुपारी तीनला घर सोडलं, कारण कर्वे रस्ता, नदीवरचा पूल, येरवडा ओलांडून लोहगावला पोचायचं. लोहगाव मुळात हवाई दलाचं तळ, त्यामुळे नागरी विमानांना तिथे मिळतील त्या वेळा. संध्याकाळच्या प्रवासी विमानाने आठच्या आत बंगळुरू गाठलं. रिपोर्टिंगला तो जागा होऊन पंधरा तास झालेले असतात. दिल्लीला उतरताना एकोणीस. सकाळी बंगळुरूच्या धावपट्टीवर चाकं टेकतात तेव्हा तेवीस. यात नियमभंग कुठेच नाही. 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापून आला होता: सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी खालावते. दारूची चाचणी आमची होते. जागरणाची होत नाही.

शहाणा पायलट अर्थातच असं करत नाही. तो आदल्या दिवशी जातो किंवा दुपारी झोप काढतो. आदल्या दिवशी जायचं तर राहायची सोय स्वतःच्या खिशातून. चार-पाच पायलट मिळून बेसजवळ एखादा फ्लॅट घेतात. दोन खोल्या, भिंतीला लागून पलंग, फ्रिजमध्ये प्रत्येकाच्या नावाची पिशवी, आणि कोणीतरी कायम झोपलेलं असल्यामुळे सगळे चपला हातात घेऊन वावरतात. अमेरिकेत यालाच क्रॅशपॅड म्हणतात आणि तिथे तर ही एक मोठी व्यवस्थाच आहे. ज्येष्ठतेनुसार बेस आणि रोस्टर मिळतं, तरुण पायलटाला उरलेलं. घर हलवणं परवडत नाही, म्हणून तो दुसऱ्या शहरातून येतो. कॅप्टनची परवानगी असेल तर दुसऱ्या कंपनीच्या विमानातही कॉकपिटमधली जादा सीट, म्हणजे जंपसीट, त्याला मिळते. ती मिळेलच असं नाही. म्हणून अनेक कंपन्यांच्या करारात अशी तरतूद आहे की लागोपाठच्या दोन विमानांनी येण्याचा प्रयत्न केला होता हे दाखवलं, तर गैरहजेरीची शिक्षा नाही. काही मालवाहू कंपन्या एक पाऊल पुढे गेल्या: पायलटाच्या घराजवळचा विमानतळ हाच त्याचा बेस धरतात, तिथून कामाच्या जागी न्यायची जबाबदारी कंपनीची. मला हा सगळ्यांत प्रामाणिक मार्ग वाटतो.

आणि दुपारची झोप? तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण इथे तुमचा, म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांचा संबंध येतो. आपल्या शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. पहाटे दोन ते सहा या वेळात तापमान उतरतं, सावधपणा तळाला जातो. उलट सकाळी घरी येऊन आडवं झालं की शरीर म्हणतं, उठायची वेळ झाली. म्हणून दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा आखूड आणि उथळ असते, कितीही थकलेले असा. माझ्या खोलीच्या खिडकीला आधी जाड पडदा, मग काचेला काळा कागद, फटीत कापडाची गुंडाळी. बेलची तार दिवसा काढून ठेवतो. घरी कुकर सकाळी सातच्या आत होतो. तरी कुरिअरवाला दार वाजवतो, वरच्या मजल्यावर फरशी बदलायचं काम निघतं, सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चर्चा सुरू होते. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव असतो, तो नेमका संध्याकाळी. रात्रीच्या ड्यूटीआधीची दीड तासाची झोप तेवढ्याच वेळात बसत असते. मी स्वतः पथकात वाजवलेलं आहे, तो आवाज बंद करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण आपल्या इमारतीत रात्रपाळीची नर्स, आयटीतली मुलं, पोलीस, कंपनीत तिसऱ्या पाळीला जाणारे लोक राहतात. ड्रिल मशीन दुपारी दोन तास बंद ठेवलं तर त्यांच्या झोपेवर थेट परिणाम होतो, इतकं तरी सोसायटीच्या नियमावलीत यावं.

आता त्या कायद्याकडे येतो.

12 फेब्रुवारी 2009 च्या रात्री अमेरिकेत बफेलोजवळ एक छोटं प्रवासी विमान कोसळलं. पन्नास जण गेले. चौकशीत पुढे आलं की सहवैमानिक आदल्या रात्री देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिएटलहून, मालवाहू विमानांच्या जंपसीटवरून मेम्फिसमार्गे न्यूअर्कला कामावर आली होती. कॅप्टनही फ्लोरिडाहून ये-जा करणारा. दोघांनीही विश्रांती विमान-कर्मचाऱ्यांच्या खोलीत, क्रू-रूममध्ये घेतलेली. मृतांच्या नातेवाइकांनी पाठपुरावा केला आणि 4 जानेवारी 2014 पासून नवे नियम लागू झाले. ड्यूटीआधी किमान दहा तास विश्रांती, त्यात आठ तास झोपेची अखंड संधी. ड्यूटी कधी सुरू होते त्यावर तिची लांबी ठरायची, रात्रीची ड्यूटी आखूड. उत्तम नियम. पण यातून मालवाहू कंपन्यांना वगळलं. कारण दिलं खर्चाचं: फायद्याच्या मानाने खर्च जास्त.

नियम जाहीर झाले होते, लागू व्हायचे होते, त्या मधल्या काळात, 14 ऑगस्ट 2013 रोजी, यूपीएसचं एअरबस ए-300 लुईव्हिलहून बर्मिंगहॅमला निघालं. तिथे उतरायची वेळ पहाटे पावणेपाचची. मुख्य धावपट्टी दिव्यांच्या कामासाठी काही वेळ बंद होती, म्हणून छोट्या धावपट्टीवर, कमी साधनांच्या आधारे उतरायचं होतं. विमान प्रमाणापेक्षा खाली गेलं, धावपट्टीच्या अलीकडे झाडांना लागलं आणि टेकडीवर आदळलं. दोन्ही पायलट गेले. कॉकपिटमधल्या रेकॉर्डरवर उड्डाणाआधीचं त्यांचं बोलणं सापडलं. विषय हाच होता: विश्रांतीचे नवे नियम आपल्याला का नाहीत. सहवैमानिक सांगत होती की झोप काढूनही थकवा जात नाही. चौकशी मंडळाने थकव्याचा उल्लेख केला, आणि सुट्टीतला वेळ तिने झोपेसाठी नीट वापरला नाही असंही म्हटलं. तो निष्कर्ष खोटा नाही. पण सुट्टीतला वेळ सुरक्षिततेचा भाग आहे असं मंडळच म्हणत असेल, तर तो मोजायची पद्धत कंपनी आणि सरकार दोघांकडे हवी. सगळा भार त्या एका माणसावर टाकून कसं चालेल? याच्या वीस वर्षं आधी, ऑगस्ट 1993 मध्ये क्यूबातल्या ग्वांतानामोला एक मालवाहू डीसी-8 कोसळलं होतं. अमेरिकेच्या चौकशी मंडळाने थकवा हे अपघाताचं संभाव्य कारण म्हणून पहिल्यांदा नोंदवलं ते त्याच अपघातात. तेव्हापासून हे माहीत आहे.

आपल्याकडे 22 मे 2010 च्या मंगळूर अपघातात 158 लोक गेले, आणि उतरण्याआधी कॅप्टन बराच वेळ झोपला होता हे अहवालात आलं. जाग आल्यावर काही मिनिटं डोकं जड असतं, निर्णय चुकतात. आता डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नव्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 वर नेली, रात्रीची व्याख्या पहाटे सहापर्यंत वाढवली, रात्रीच्या लँडिंगची कमाल संख्या सहावरून दोनवर आणली. 2025 च्या डिसेंबरात या नियमांपायी देशभर उड्डाणं रद्द झाली आणि तात्पुरती सूट द्यावी लागली, ते तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं. लोक चिडले, साहजिक आहे. पण राग पायलटांच्या विश्रांतीवर निघाला याचं मला वाईट वाटलं. पुरेशी भरती आधी केली असती तर ही वेळ आली नसती.

मालवाहू विमानाच्या मागे खोकी असतात म्हणून त्याचं मोल कमी, असं जर कोणाच्या मनात असेल तर पुणेकरांनी 12 जानेवारी 2021 ची सकाळ आठवावी. मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून पहाटे पाचच्या आत गाड्या निघाल्या, निघण्याआधी पूजा झाली, आणि लोहगावहून त्या दिवशी नऊ विमानांनी तेरा शहरांकडे कोविड लशीचे साडेछप्पन लाख डोस नेले. खोकीच होती ती. आणि विमान वस्तीवरूनच उतरतं, मागे काय आहे ते खालच्या घरांना विचारून उतरत नाही.

उपाय महाग नाहीत. नासाने लांब पल्ल्याच्या पायलटांवर केलेल्या अभ्यासात सरासरी 26 मिनिटांच्या झोपेने सावधपणा 54 टक्के आणि कामगिरी 34 टक्के सुधारलेली दिसली. मेम्फिस आणि लुईव्हिलला माल वेगळा होईपर्यंत पायलटांना अंधाऱ्या, शांत खोल्या आणि पलंग मिळतात. आपल्या विमानतळांवर अनेकदा खुर्ची आणि पांढरा ट्यूबलाइट मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2011 मध्ये ये-जा करणाऱ्या पायलटांना साधा सल्ला दिला होता: रिपोर्टिंगआधी सहा तास तरी झोप काढा आणि ड्यूटी संपेपर्यंत जागेपण सोळा तासांच्या पुढे जाणार नाही असा प्रवास आखा. हाच हिशेब रोस्टर करणाऱ्याच्या पडद्यावर यावा. पायलट कुठल्या गावी राहतो हे कंपनीला माहीत असतंच.

तुमच्यापैकी काहींची मुलं, नातवंडं सध्या बारामतीत किंवा परदेशात उड्डाणाचं प्रशिक्षण घेत आहेत, काही मंडळी मघाशी भेटलीही. मालवाहू कंपनीत मुलाखतीला जाल तेव्हा बेस कुठे, तिथपर्यंतचं तिकीट कोण काढतं, आदल्या रात्रीची खोली मिळते का, माल चढेपर्यंत आडवं व्हायला जागा आहे का, हे विचारा. आणि ‘मी आज थकलो आहे, उडू शकत नाही’ असा फोन केला तर पुढे काय होतं, हेही विचारा. त्या फोनची नोंद आजारपणाच्या रजेत होते की वेगळी, पगार कापतात का, आणि पुढच्या महिन्याच्या रोस्टरवर त्याचा परिणाम होतो का, याचं लेखी उत्तर मागा. तोंडी उत्तर सगळीकडे चांगलंच मिळतं.

आता प्रश्न घेऊया.