कचऱ्याची गाडी कुणाची असावी?

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सेंट पॉल म्हणून शहर आहे, तीन लाखांच्या आसपास वस्तीचं. तिथं २०१८ च्या ऑक्टोबरपर्यंत घरचा कचरा कुणाला द्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं, म्हणजे तुमचा ठेकेदार वेगळा, शेजारच्याचा वेगळा, समोरच्याचा तिसराच. एकाच बोळात आठवड्यात तीन-चार कंपन्यांचे अवजड ट्रक फिरायचे, एकाच कामाला प्रत्येकाला दर निराळा, आणि ज्यांनी कुणालाच पैसे दिले नाहीत त्यातले काहीजण रात्री दुसऱ्याच्या बोळात टाकून मोकळे. मग शहरानं ठरवलं की एका भागाला एकच ठेकेदार आणि दर शहर ठरवणार. लोक भडकले, आमचा ठेकेदार आम्ही निवडणार, यावर मतदान घ्या म्हणून कोर्टात गेले, प्रकरण राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये मतदान झालं. ६० टक्क्यांहून जास्त लोकांनी सांगितलं, शहराचीच व्यवस्था राहू द्या.

आता हे साताऱ्यात कशाला सांगतोय? तर आपल्याकडंही हाच प्रश्न येतोय, फक्त दुसऱ्या दारानं. २०२० ला हद्दवाढ झाली, शाहूपुरी, विलासपूर सगळं नगरपालिकेत आलं, नवीन अपार्टमेंट झाली, आणि आता बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतं की आमच्या सोसायटीचा माणूस आहे, आम्ही त्याला पैसे देतो, मग पालिकेला वेगळे कशाला द्यायचे, आमचं आम्ही बघतो की. ऐकायला बरोबर वाटतं. पण तो माणूस कचरा नेऊन टाकतो कुठं, हे किती सोसायट्यांनी विचारलंय?

माझं म्हणणं सरळ आहे, घरोघरचा कचरा गोळा करायची जबाबदारी शहरानंच घ्यायची. कारण ज्यानं पैसे दिले नाहीत त्याचा कचरा त्याच्या घरात राहत नाही ना! तो ओढ्यात जातो. आपलं गाव उतारावर आहे, अजिंक्यताऱ्याचं पाणी, यवतेश्वरच्या बाजूचं पाणी ओढ्यांनी खाली येतं, वेण्णेला मिळतं आणि वेण्णा माहुलीला कृष्णेत जाते, म्हणजे वरच्या पेठेत फेकलेली कॅरीबॅग एका पावसात संगमावर. नळाचं बिल एखाद्यानं भरलं नाही तर त्याचं पाणी तोडता येतं, कचऱ्याचं तसं नाही, त्याचं उचलणं बंद केलं तर त्रास सगळ्या गल्लीला, डास सगळ्यांना, डेंग्यू सगळ्यांना. म्हणून तर २०१६ च्या घनकचरा नियमांत दारोदार जाऊन वर्गीकरण केलेला कचरा गोळा करायचं काम स्थानिक संस्थेवर टाकलं होतं, आणि त्यासाठी नागरिकांकडून शुल्क घ्यायचा अधिकारही दिला होता.

पण शहरानं करायचं म्हणजे टेंडर काढून हात झटकायचे असं नाही, आणि इथं मला जरा जास्त बोलायचंय. बऱ्याच शहरांत ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. आता तुम्हीच विचार करा, वजनावर पैसे असतील तर ओलं-सुकं वेगळं ठेवण्यात त्याचा काय फायदा? घरात बाई सकाळी दोन बादल्या वेगळ्या भरते, भाजीची देठं एकीकडं, दुधाच्या पिशव्या धुऊन दुसरीकडं, आणि घंटागाडीत दोन्ही एकाच कप्प्यात पडतं, तिच्या डोळ्यांदेखत. चार दिवस बघते आणि पाचव्या दिवशी तीही एकच बादली आणते. मी तिला दोष देणार नाही. दोष त्या करारातल्या एका ओळीचा आहे. पैसे टनावर नको, किती दारांवरून वेगळा केलेला कचरा घेतला त्यावर द्या, बघा गाडीला कप्पे कसे लगेच होतात. घरच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला असतो, तो वेगळा आला तर त्याचं खत होतं, मिसळून आला तर सोनगावच्या कचरा डेपोवर नुसता ढीग. आणि हे आपल्याकडं जमत नाही असं कृपा करून म्हणू नका. ५० किलोमीटरवरचं आपलं कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलंय.

एक तक्रार मात्र मला खरी वाटते. एकटी राहणारी आजी, परसात खड्डा करून ओला कचरा जिरवते, आठवड्याला मूठभर प्लास्टिक निघतं, तिनं पाचजणांच्या घराएवढं शुल्क का द्यायचं? सेंट पॉलमध्येही थोडा कचरा करणाऱ्यांचा राग हाच होता. तिला सूट द्या ना, पालिकेच्या नियमांत, म्हणजे उपविधीत, लिहा. त्यासाठी सगळी व्यवस्था मोडायची गरज नाही.

आणि ज्या बायका पहाटे पोतं घेऊन भंगार वेचतात त्यांचं काय? सगळं एका कंपनीला दिलं की सुका कचरा गाडीत बंद होतो आणि त्यांची रोजी जाते. पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना आहे, त्यातून पुढं ‘स्वच्छ’ नावाची कचरावेचकांचीच सहकारी संस्था झाली, तिनं महापालिकेशी करार केला, बायका दारोदार कचरा घेतात, घरवाले महिन्याचे पैसे थेट त्यांना देतात आणि सुका माल विकून आलेले पैसेही त्यांचेच. म्हणजे व्यवस्था शहराची, पण काम आणि कमाई वेचणाऱ्यांची. कचरावेचकांना सामावून घ्या हे २०१६ च्या नियमांतही होतं. तेव्हा पुढचं टेंडर निघेल तेव्हा आपापल्या नगरसेवकाला दोन गोष्टी विचारा, पैसे कशावर मोजणार, आणि या बायकांना ओळखपत्र, हातमोजे आणि सुक्या मालाचा हक्क करारात लेखी देणार का.