युरीन इन्फेक्शनची गोळी, लिव्हर आणि हेपेटायटिस सी

ही स्ट्रिप बघा. नायट्रोफ्युरँटॉइन, 100 मिलिग्रॅम. लोकलने विरार-चर्चगेट करणाऱ्या कितीतरी जणींच्या पर्समध्ये सापडेल. स्टेशनवरचं टॉयलेट नको म्हणून पाणीच प्यायचं नाही, मग लघवीला जळजळ, मग ही गोळी. 1953 पासून वापरात आहे आणि औषध चांगलं आहे, हे आधीच सांगते.

या गोळीने हेपेटायटिस सी होतो का? नाही. सी हा लिव्हरला सूज आणणारा विषाणू. तो रक्तातून येतो: दुसऱ्याची सुई, न तपासलेलं रक्त, नीट निर्जंतुक न केलेली अवजारं.

मग संशोधनात दोघांची गाठ पडते कुठे? तर निदानात. ही गोळी क्वचित लिव्हरला सूज आणते. पुन्हा इन्फेक्शन नको म्हणून महिनोन्‌महिने रोज एक गोळी घेणाऱ्या वयस्कर बायकांमध्ये जास्त. प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटते. गोळी थांबवली की बहुतेकदा सूज उतरते. पण रिपोर्टमध्ये दिसतं काय? एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलेलं. सी मध्येही तेच! एसजीपीटी नुसतं ओरडतं, चोर कोण ते सांगत नाही.

अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या लिव्हरच्या इजेवर डिलिन नावाचं संशोधकांचं जाळं काम करतं. 2008 साली त्यांनी पहिल्या 300 रुग्णांची माहिती मांडली. औषधावर संशय होता, पण त्यातल्या काहींना निघाला ताजा हेपेटायटिस सी. आधी कळलं का नाही? कारण सीच्या अँटिबॉडीज, म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, तयार व्हायला साधारण दोन-तीन महिने लागतात, तोवर अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा स्वतःचा जनुकीय अंश, मात्र एक-दोन आठवड्यांत सापडतो.

उलटंही होतं. सी बरा झाला तरी अँटिबॉडी टेस्ट पॉझिटिव्हच राहते. मग दोष जुन्या सीला आणि गोळी चालूच. म्हणून अशा वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘आरएनए टेस्ट करायची का?’ आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा, केमिस्टकडून परस्पर आणलेल्यासुद्धा.

अजून एक गंमत. या गोळीने लघवी गडद पिवळी, तपकिरी होते, त्याला घाबरू नका. पण डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली, जेवण नकोसं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि सी निघालाच, तर बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्या पुरतात. 2018 पासून हेपेटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात त्या सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात.