स्टार्ट लाइनवर कोणाला उभं करायचं?

मंडळी, आजचा विषय आहे ‘व्यावसायिक सायकलिंग : महासंघ आणि आयोजक’. यूसीआय म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघ आणि एएसओ म्हणजे टूर द फ्रान्स भरवणारी कंपनी, हे या सभागृहात सांगायला नको. महाराष्ट्र केसरी कोणी भरवायची यावरून आपल्याकडे काय झालं, तेही तुम्ही पाहिलंय. माझा मुद्दा एवढाच की यूसीआय आणि एएसओ यांचं भांडण वरून वेळापत्रकाचं आणि नियमांचं दिसतं, पण मुळात ते कोणत्या संघाला शर्यतीत घ्यायचं या एकाच हक्कासाठी आहे.

रस्ता सार्वजनिक, त्यामुळे तिकीट नाही. टीव्हीचे पैसे आयोजकाचे, संघांना त्यात वाटा नाही. संघ चालतो तो जर्सीवर नाव असलेल्या प्रायोजकावर, आणि प्रायोजक पैसे ओततो ते जुलैतल्या टूर द फ्रान्सच्या 3 आठवड्यांकडे बघून. टूरचं आमंत्रण हुकलं की तो पुढच्या वर्षी सही करेलच असं नाही. म्हणून आमंत्रण ज्याच्या हाती, संघाची मान त्याच्या हाती.

2005 साली यूसीआयने प्रोटूर ही अव्वल शर्यतींची मालिका आणली. हाइन फेरब्रुखेन तेव्हा अध्यक्ष होते. 20 संघांना 4 वर्षांचे परवाने, त्यांनी मोठी प्रत्येक शर्यत धावायची आणि आयोजकाने त्यांना घ्यायचंच. प्रायोजकाला हमी मिळावी हा हेतू चांगला होता, हे मी मनापासून मानतो. पण हमी महासंघ देणार आणि ती निभवायची आयोजकाने, तीही स्वतःच्या शर्यतीत! एएसओ, इटलीची मोठी शर्यत जिरो भरवणारी आरसीएस आणि स्पेनची वुएल्टा भरवणारी युनिपब्लिक, तिघंही विरोधात गेले.

आणि यात भरडला गेला युनिबेट संघ. त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. स्वीडनमध्ये नोंदलेला, ऑनलाइन सट्टेबाजी कंपनीच्या नावाचा हा संघ. यूसीआयने त्याला प्रोटूर परवाना दिला. फ्रान्सच्या कायद्यानुसार मात्र सट्टा आणि लॉटरीची मक्तेदारी ठराविक संस्थांकडे होती. त्यांपैकी सरकारी लॉटरी फ्रान्सेझ दे ज्यू हिचा स्वतःचा सायकल संघ त्याच शर्यतींत धावत होता, हेही ध्यानात घ्या. 2007 च्या पॅरिस-नीसला, म्हणजे एएसओच्याच मार्चमधल्या शर्यतीला, एएसओने युनिबेटला घेतलं नाही. खेळाडू कोऱ्या करकरीत सायकली घेऊन घरी. काही ठिकाणी तर नाव काढून, जर्सीवर मोठं प्रश्नचिन्ह छापून ते धावले. वर्षअखेरीस संघ बंद पडला. परवाना खरा होता, पण त्या कागदाने त्यांना शर्यतीत उभं केलं नाही. यात कायदा किती आणि एएसओने यूसीआयवर उगवलेला सूड किती, यावर वाद घालता येईल. शिक्षा मात्र सायकल चालवणाऱ्यांना झाली, आणि मला आजही त्याचा राग येतो.

पुढच्याच वर्षी ठिणगी पडली. मार्च 2008 ची पॅरिस-नीस एएसओने यूसीआयला बाजूला ठेवून फ्रेंच महासंघाच्या छत्राखाली भरवली. धावलात तर कारवाई करू, असं यूसीआयने बजावलं. तरी संघ धावले, कारण जुलैचं आमंत्रण एएसओकडे होतं. टूरही तशीच झाली. यूसीआयशिवाय उत्तेजक चाचण्या ढिल्या पडतील ही भीती खोटी ठरली. फ्रान्सच्या उत्तेजकविरोधी संस्थेने रिक्को, शूमाखर, कोल या खेळाडूंना ईपीओ या रक्तातल्या लाल पेशी वाढवणाऱ्या औषधाच्या नव्या पिढीसाठी, सेरासाठी, पकडलं. त्याच वर्षी एएसओने आदल्या वर्षीच्या उत्तेजक प्रकरणांवरून अस्ताना संघ वगळला, म्हणजे गतविजेता कोंतादोर टूरबाहेर. जिरोने मात्र ऐनवेळी बोलावलं, आणि तो जिंकला!

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे मूळ मुद्दा भरभर उरकतो. 2008 च्या शरदात तह झाला, पुढे प्रोटूरच्या जागी वर्ल्ड टूर आली. डिसेंबर 2015 मध्ये एएसओने 2017 पासून आपल्या शर्यती वर्ल्ड टूरमधून काढून खालच्या ‘ऑर क्लास’ श्रेणीत टाकायचं जाहीर केलं. त्या श्रेणीत युरोपात अव्वल संघ जास्तीत जास्त 70 टक्के. 22 संघांची शर्यत धरा : 18 वर्ल्ड टूर संघांपैकी 15 आत, 3 घरी. तेवढ्या घोषणेवरच यूसीआयने तडजोड केली.

2025 च्या टूरमध्ये 23 संघ, प्रत्येकी 8 खेळाडू, एकूण 184. त्यांत 18 वर्ल्ड टूर संघ हक्काने, लोट्टो आणि इस्रायल-प्रीमियर टेक हे दोन क्रमवारीवर, आणि फक्त तीन, टोटालएनर्जीज, युनो-एक्स, ट्युडोर, आयोजकाच्या मर्जीने. माझ्या मते आजवरची सर्वांत निकोप विभागणी हीच. परवानेही आता 3 वर्षांच्या गुणांवर टिकतात किंवा जातात. टीव्हीच्या पैशांचा प्रश्न मात्र तसाच आहे. उत्पन्नात संघांनाही वाटा मिळावा म्हणून आखलेला, वर्ल्ड टूरमध्ये शिरू पाहणारा ‘वन सायकलिंग’ प्रस्ताव यूसीआयने जून 2025 मध्ये फेटाळला.

पुण्यात जानेवारी 2026 मध्ये झालेली ‘पुणे ग्रँड टूर’ ही सायकल शर्यत यूसीआयच्या 2.2 श्रेणीची होती. पहिला 2 म्हणजे अनेक टप्प्यांची शर्यत, दुसरा 2 म्हणजे श्रेणी, आणि या श्रेणीत वर्ल्ड टूर संघांना बोलावताच येत नाही. उद्या श्रेणी वाढवायची म्हटली, तर कोणाला बोलवायचं आणि कोणाला बोलवावंच लागेल, हे अर्ज भरण्याआधी आयोजकांनी नियमात वाचून ठेवावं. आता प्रश्न घेऊ या.