गाडी रडी राहिनी, जवाईबापू

अध्यक्ष बापूसाहेब, वाचनालयाची सगळी मंडळी आणि मागे भिंतीला टेकून बसलेले माझे जुने विद्यार्थी (वर्कशॉपमध्येही तिथंच टेकायचे), नमस्कार. काल इथं ज्ञानेश्वरीवर प्रवचन झालं, उद्या मधुमेह आहे, आणि मधल्या दिवशी 'जुन्या गाडीचं चाक वळताना घासतं, त्यावर उपाय'. विषय मीच मागून घेतलाय. अठ्ठावीस वर्षं पोरांना लोखंड घासायची फाइल कशी धरायची ते शिकवलं, आता घरी कोणी ऐकत नाही. बाहेर अंगणात पऱ्हाट्यांवर बामणोदची वांगी भाजायला पडलीयेत, वास इथपर्यंत येतोय, म्हणजे मला साधारण चाळीस मिनिटं आहेत.

आता गाडी कोणती, तर मारुती एटहंड्रेड. हात वर करा बरं, कोणाकोणाच्या घरी होती? बघा, अर्धं अमळनेर. १९८३ च्या डिसेंबरात ती आली, २०१४ च्या जानेवारीत कंपनीनं बनवायची बंद केली, पण आपल्याकडे कुठं बंद झालीय, केळीच्या बागेत पानाड्यांखाली उभी असते, तिच्यावर कोंबड्या बसतात, आणि लग्नसराई आली की सेल मारला की चालू. माझी १९९७ ची, साडूकडून घेतली. साडूकडून गाडी घेऊ नये हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

तर चोपड्याला लग्न होतं, बायकोच्या मामेबहिणीचं. मी, सौ., दोन मावश्या, मागे एक पोरगं आणि डिक्कीत रुखवताची पितळी भांडी. तापीचा पूल ओलांडला, सगळं मजेत, मावश्या अहिराणीत कोणाचीतरी उणीदुणी काढताय, आणि मंडपापाशी पोचलो तर पार्किंगवाल्या पोराने सांगितलं, काका मागे घ्या, स्टेरिंग पूर्ण डावीकडे मारा. मी मारलं, रिव्हर्स टाकला, आणि पुढून असा आवाज आला... खर्रर्रर्रर्र. बॅन्डवाला क्लॅरनेट तोंडातून काढून बघायला लागला हो! मामेसासरे उपरणं सावरत आले, गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वऱ्हाडासमोर म्हणाले, "जवाईबापू, तुमनी गाडी रडी राहिनी." आज इतकी वर्षं झाली, कुठल्याही कार्यात भेटलो की तब्येत नंतर विचारतात, आधी गाडी रडते का ते विचारतात.

आता माझं दुःख ऐका. परत आल्यावर पहिल्या गॅरेजात गेलो, तो म्हणे अलायमेंट गेलीय. केली, पैसे दिले, गल्लीच्या कोपऱ्यावर वळलो, खर्रर्र. परत गेलो तर म्हणे आता बॅलन्सिंग पण करून घ्या. अहो, बॅलन्सिंगचा आणि घासण्याचा काय संबंध, चाक थरथरतं ते बॅलन्सिंग. आणि अलायमेंटमध्ये एटहंड्रेडला फिरवायला मिळतो तो टाय रॉड, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती तेवढंच. चाक अख्खं मागं सरकलं असेल तर टाय रॉड बिचारा काय करणार? दुसऱ्या ठिकाणच्याने कटर घेतला आणि मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिकचं लायनर कापून दिलं, म्हणे आता लागायला काही राहिलंच नाही! पहिल्याच पावसात काळ्या मातीचा गारा आत जाऊन पत्र्याला चिकटला, वाळला, पत्रा आतून खायला लागला. तिसरा तर विद्वान, तो म्हणाला स्पेसर टाकू, म्हणजे चाकामागे जाड चकती, चाक बाहेरच्या बाजूला सरकवू. मी हात जोडले. चाक बाहेर सरकवलं की ते वळताना आणखी मोठा घेर घेतं, आत घासायचं ते मडगार्डच्या ओठाला घासतं, वर बेअरिंगला भार. तिघांपैकी एकानेही, एकानेही, गुडघ्यावर बसून चाकामागे बघितलं नाही.

(बापूसाहेब, ती घंटा मला दिसली. दोन मिनिटं.)

म्हणून मी काय केलं, तर शेजारी घराचं काम चाललं होतं, तिथल्या गवंड्याचा ओळंबा, म्हणजे दोरीला लटकवलेलं वजन, मागून आणला. आणि खडू. खडू माझ्याकडे कायम असतो, रिटायर झालो तरी खिशात सापडतो. आधी टायरच्या बाहेरच्या कडेला आणि खांद्याला खडू फासला, स्टेरिंग पूर्ण डावीकडे, हळू रिव्हर्स, मग उतरून बघितलं. पांढरा डाग कुठं उमटला? डाव्या चाकाच्या मागच्या बाजूला, लायनरच्या उरलेल्या तुकड्यावर. उजवीकडे काहीच नाही. मग चाकं सरळ करून सपाट फरशीवर गाडी लावली, पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यातून ओळंबा सोडला, जमिनीवर खुणा केल्या आणि टेप लावला. एटहंड्रेडचा व्हीलबेस, म्हणजे या दोन मध्यांतलं अंतर, २१७५ मिलिमीटर. उजवीकडे बरोबर तेवढा. डावीकडे २१६३! बारा मिलिमीटर चाक मागे गेलेलं, आणि मी अलायमेंटचे पैसे देतोय.

का गेलं, तर एटहंड्रेडचा लोअर आर्म हा एक साधा आडवा दांडा, चाकाला पुढं-मागं धरून ठेवायचं काम करतो तो पुढून येणारा अँटीरोल बार, म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणारा वाकवलेला दांडा. त्याच्या टोकाचं रबरी बुश सडलं की चाक खेळायला लागतं. या गाडीत इंजिन पुढचीच चाकं फिरवतं, त्यामुळे रिव्हर्सला चाक मागं रेटलं जातं, म्हणूनच मंडपापाशी रडली आणि पुलावर गात आली. पुढं जाताना ब्रेक मारला तरी तेच.

आता जे सांगायला आलो होतो ते पटकन. टक टक टक असा आवाज वळताना येत असेल तर ते घासणं नाही, एक्सलचा जॉइंट, वेगळा आजार. खर्रर्र असेल तर आधी खडू. दोन्हीकडे घासतं तर टायरचा साइज बघा: मूळ टायर १४५/७० आर १२, उंची साधारण ५०८ मिलिमीटर, माझ्या साडूने शोभेला घातले होते १५५/६५ आर १३, उंची ५३२, म्हणजे चारी बाजूंनी बारा-बारा मिलिमीटर जागा आधीच खाल्लेली, आणि मीटर साठ दाखवतं तेव्हा गाडी त्रेसष्टने पळते ते वेगळंच. एकाच बाजूला घासतं तर बुश, वाकलेला आर्म, तुटलेली स्प्रिंग. माणसं बसल्यावर किंवा स्पीडब्रेकरवरच घासतं तर स्प्रिंग बसलीय, रिकाम्या गाडीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या ओठापर्यंत दोन्हीकडे मोजा. आणि सगळ्यात आधी लायनरची क्लिप आणि मडफ्लॅपचा स्क्रू बघा, फुकटचं काम आहे, पुष्कळ वेळा तेवढंच निघतं. टायरच्या भिंतीत कापल्याची खूण दिसली किंवा ब्रेकचा रबरी होज घासतोय असं दिसलं तर गाडी तिथंच उभी करा, अगदी लग्न असलं तरी. आणि खाली शिरताना नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा, विटा नको.

मी बुशं दोन्हीकडची बदलली, एका बाजूची बदलायची नसतात. रिव्हर्सचं रडणं थांबलं. मावश्या बसल्या की स्पीडब्रेकरवर अजून थोडं कुरकुरायची, तेव्हा साडूची तेरा इंची अलॉय चाकं काढून मूळची बारा इंची परत घातली, मग तेही गेलं. मावश्यांची कुरकुर चालू आहे.

प्रश्न बाहेर विचारा, कळण्याच्या भाकरी गार होतील. आणि हा ओळंबा कोणी बघायला घेतला तर परत माझ्याकडेच द्या, गवंड्याचा आहे, त्याचं शेजारचं घर कधीच बांधून झालं, मी अजून द्यायचाच आहे.